फुरसत आणि करमणूक

शहरात बाग झाली की लोकांच्या विरंगुळ्याची सोय झाली, असे आपण सहज म्हणतो. पण त्या वाक्यात फुरसत आणि करमणूक या दोन वेगळ्या गोष्टी एक झालेल्या असतात. काम, झोप, प्रवास आणि घरातली उस्तवार उरकल्यावर ज्याचा हिशेब कोणी मागत नाही असा जो वेळ उरतो, ती फुरसत. त्या वेळात मन रमावे म्हणून जे केले जाते, ती करमणूक. नाशिकच्या गोदाघाटाच्या पायरीवर संध्याकाळी नुसता बसलेला माणूस फुरसतीत असतो, करमणूक करत असेलच असे नाही. उलट कालिदास कलामंदिरात नाटक पाहताना ज्याचे लक्ष दुसऱ्या अंकापासूनच घड्याळाकडे लागलेले असते, त्याची करमणूक होते, फुरसत मात्र त्याला नसते. करमणुकीवर सरकारला १९२३ च्या कायद्याने शुल्क बसवता आले; फुरसतीवर तिकीट लावण्याची युक्ती अजून कोणाला साधलेली नाही.

फुरसत बहुतेकांना भांडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि त्याच वर्षीच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने २४ व्या कलमात विश्रांती व फुरसत हा हक्क मानला. करमणुकीच्या सोयी मात्र पालिकेकडे येतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे नोंदवलेली आहेत.

खरी गल्लत व्यवस्थापनात होते. बागांची संख्या, खेळणी, ग्रीन जिमची यंत्रे, जॉगिंग ट्रॅकची लांबी हे सारे मोजता येते, म्हणून अहवालात तेच येते. लोकांना सवड केव्हा असते, हे त्यात सापडत नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला मोकळा वेळ दुपारी मिळतो आणि नेमकी तेव्हा बाग कुलूपबंद असेल, तर त्याच्यापुरती ती बांधलेलीच नाही. त्याच घरातल्या बाईची फुरसत तर सलग तासाचीही नसते. ती दोन कामांमधल्या वीस मिनिटांची असते. तिला लांबच्या मोठ्या उद्यानापेक्षा घराजवळ सावली, बाक, दिवा आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह अधिक उपयोगाचे. प्रवेशशुल्काने देखभालीचा खर्च काही अंशी निघतो हे खरे, पण वीस मिनिटांसाठी कोणी तिकीट काढत नाही.

गोदाकाठी मे महिन्यात भरणारी वसंत व्याख्यानमाला या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुटीचे दिवस, ऊन उतरल्यावरची वेळ, उघडे पटांगण. तिथे उशिरा आलेल्यालाही बसता येते आणि ज्याला घरी जायचे आहे त्याला मध्येच उठता येते.