पार्श्वभूमी : चमच्याची अंगठी आणि तिच्यावरचा ठसा

जुन्या काट्या-चमच्यांपासून हाताने घडवलेली अंगठी विकायला आली, की तिच्यासोबत एक कथाही येते. सतराव्या शतकात इंग्लंडमधले गरीब नोकर मालकाच्या घरचा चांदीचा चमचा पळवून वाग्दत्त वधूसाठी अंगठी वळवत, अशी ती कथा. ऐकायला गोड, पण पटायला अवघड. त्या काळी चांदीचा चमचा म्हणजे घरातली साठवलेली पुंजी होती आणि १२ पेन्सांहून अधिक किमतीची चोरी कायद्याने देहदंडाला पात्र ठरे. असा चमचा ओळखू येईल अशा रूपात बोटात मिरवणारा चोर विरळाच. चांदीची खरी वाट मुशीतून जात होती. नाणी आटवून भांडी करण्याचा धंदा इतका वाढला, की १६९७ साली भांड्यांच्या चांदीचा कस कायद्याने हजारी ९२५ वरून ९५८ पर्यंत चढवावा लागला, म्हणजे नाणी थेट वितळवून भागणार नाही. १७२० मध्ये जुना कस पुन्हा चालू झाला.

आजच्या कारागिराच्या हाती येणारा माल बहुतांशी एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे. १८४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवण्याचे पेटंट निघाले आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीसारखी दिसणारी भांडी आली. मग माशाचा काटा वेगळा, साखरेचा चमचा वेगळा, लोण्याची सुरी वेगळी. शतकाच्या अखेरीस दांड्यांवर वेलबुट्टी दाटली. अंगठीला आज जी नक्षी शोभते ती हीच. १९१३ मध्ये शेफील्डला स्टेनलेस स्टील आले, घासूनपुसून चकचकीत ठेवायच्या भांड्यांचा उत्साह पुढे ओसरला आणि सेट कपाटात गेले. १९६० आणि ७०च्या दशकांत अमेरिकेतल्या तरुणांनी चमच्यांच्या अंगठ्यांची फॅशन केली, तेव्हा कच्चा माल जवळजवळ फुकटच पडून होता.

त्यानंतरचा धक्का बाजाराने दिला. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सुमारे ६ डॉलर असलेली चांदी टेक्सासमधल्या दोन धनाढ्य भावांच्या साठेबाजीने जानेवारी १९८० मध्ये ५० डॉलरच्या आसपास पोचली. २७ मार्चला ती ११ डॉलरच्या खाली कोसळली, पण मधल्या काळात घराघरांतली अस्सल चांदी मोडीत निघाली होती. मुलाम्याचे चमचे वाचले, कारण त्यांतून काढण्याजोगी चांदी नव्हतीच.

खरा घोळ ठशांचा आहे. मुलाम्याच्या चमच्यामागे ईपीएनएस (निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा, याचे इंग्रजी लघुरूप) ही अक्षरे अनेकदा छोट्या चौकटींत, थेट हॉलमार्कच्या थाटात उमटवलेली असतात. आतला धातू तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदीचा कणही नसतो. अशी अंगठी नुसती ‘चांदीची’ म्हणून विकणे ही फसवणूकच, मग विकणाऱ्याला ते ठाऊक असो वा नसो. त्यात निकेलची भर. चमचा तोंडात क्षणभर राहतो, अंगठी दिवसभर कातडीला चिकटून असते. वळवताना मुलामा चिरला वा पुढे घासून गेला, की आतला धातू थेट बोटाला लागतो. युरोपात १९९४ पासूनच्या नियमांनुसार कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटीमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. चमचा अंगठी झाला, की तोही या नियमाखाली येतो.

अस्सल चांदीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. ब्रिटनमधल्या १९७३ च्या कायद्यानुसार हॉलमार्क असलेल्या वस्तूत फेरफार करायचा तर ठसा देणाऱ्या कचेरीची संमती लागते. कारागीर म्हणतात, धातू तोच, फक्त आकार बदलला, शिवाय ठसा दिसणे हाच तर गिऱ्हाइकाचा भरवसा. आक्षेप घेणारे म्हणतात, ठशातले घडवणाऱ्याचे चिन्ह आणि वर्षाचे अक्षर चमच्याचे आहे, अंगठीचे नव्हे. दोन्ही खरे आहे. पण नुसत्या वाकवलेल्या दांड्यावरचा सिंह, म्हणजे ठशातली अस्सल चांदीची खूण, खोटे काही सांगत नाही. खोटेपणा शिरतो तो दुसऱ्या धातूचा तुकडा डाक देऊन जोडल्यावर. ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे बारीक अंगठ्या नव्या तपासणीशिवायच विकता येतात, हेही या वादात सोयीस्करपणे विसरले जाते.

घडणीचे तंत्रही धातूप्रमाणे फुटते. अस्सल चांदी तापवून नरम करता येते. मुलाम्याला जोराची आच लागली, की फोड येतात, म्हणून तो चमचा थंडच वळवायचा. स्टील वाकवले तरी उसळी मारून थोडे मागे येते. जुन्या सुऱ्यांच्या चांदीच्या मुठी बहुधा पोकळ, आत राळ वा डांबरासारखे भरण असलेल्या. त्या तापवल्या तर फुटू शकतात. म्हणून जुन्या सेटमधले चमचे आणि काटे आधी खपतात, सुऱ्या तळाशी राहतात.