पाळीव पक्ष्यांचे आजारपण : ओळख व प्राथमिक उपचार

पिंजऱ्यात किंवा पक्षिगृहात पाळलेल्या पक्ष्यांमध्ये दिसणारी रोगलक्षणे, ती ओळखण्याच्या पद्धती आणि पशुवैद्याकडे नेईपर्यंत करावयाची शुश्रूषा यांचा विचार या नोंदीत केला आहे. मुख्यतः पोपटवर्गीय पक्षी (बजरीगर, कॉकाटील, करडा आफ्रिकी पोपट इ.), कॅनरी व फिंच यांना उद्देशून विवेचन आहे, कोंबड्या व कबुतरे यांचे रोग कुक्कुटपालनाच्या स्वतंत्र परंपरेत येतात. ससाणे बाळगणाऱ्यांनी शिकारी पक्ष्यांच्या रोगांविषयी मध्ययुगापासून पुष्कळ लिहून ठेवले आहे, पण त्यातील फारच थोडे पोपटांना लागू पडते.

आजार उशिरा का कळतो : पक्षी आपले आजारपण लपवतात, हे विधान जवळपास प्रत्येक मार्गदर्शक पुस्तकात आढळते. अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो, शिवाय थव्यातील त्याचे स्थानही जाते. म्हणून रोग लपवण्याची प्रवृत्ती नैसर्गिक निवडीतून आली, असे त्याचे समर्थन केले जाते. हे संभवनीय असले, तरी त्यामागचा प्रायोगिक आधार मर्यादित आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झेब्रा फिंचना जीवाणूंच्या भित्तिकेतील घटक टोचून कृत्रिम आजार निर्माण केला होता. एकटे ठेवलेले पक्षी मंदावले, तर समूहातील पक्ष्यांची हालचाल तशी कमी झाली नाही. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात अनोळखी मादी समोर असताना नरांनीही आजाराची लक्षणे दाबल्याचे दिसले. यावरून लपवणे ही सदासर्वकाळची सवय नसून ती प्रसंगानुसार बदलते, असे मानणे अधिक योग्य वाटते. पिंजऱ्याजवळ माणूस येताच फुगलेली पिसे क्षणात बसतात आणि तो दूर होताच पक्षी पुन्हा गोळा होऊन बसतो. म्हणून निरीक्षण लांबून आणि काही मिनिटे सलग करावे.

मात्र उशीर होण्याची सगळी जबाबदारी पक्ष्यावर टाकता येत नाही. दाट पिसाऱ्याखाली रोडावलेले शरीर झाकले जाते. आजारी पक्षी बिया सोलून दाणा खाली टाकत राहतो व खात असल्याचा भास होतो. वाटी भरलेली दिसते, पण फुंकर मारली की टरफले उडून जातात आणि तळ उघडा पडतो.

वजन : सर्वांत विश्वसनीय निदर्शक वजन हाच होय. ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर, सकाळी खाण्यापूर्वी, ठरलेल्या एकाच वेळी वजन घेऊन लिहून ठेवतात. बजरीगर साधारणपणे ३० ते ४० ग्रॅ., कॉकाटील ८० ते १०० ग्रॅ. भरतो, पण जातीच्या सरासरीपेक्षा त्या पक्ष्याचे नेहमीचे वजन महत्त्वाचे. त्यात दहा टक्के घट झाली, तर ती गंभीर समजतात. बजरीगरच्या बाबतीत ही घट जेमतेम तीन-चार ग्रॅमची असते आणि नुसत्या हाताला ती जाणवत नाही. छातीच्या मधल्या हाडाची धार बोटाला टोचू लागली, की दोन्ही बाजूंचे स्नायू झिजले आहेत असे समजावे.

विष्ठा : पक्ष्याच्या शिटेत तीन भाग असतात : आतड्यातून आलेली हिरवट किंवा तपकिरी वळी, मूत्रपिंडांतून आलेले पांढरे युरेट (यूरिक अम्लाचे क्षार) आणि पाण्यासारखे मूत्र. पक्ष्यांना मूत्राशय नसते. मूत्र अवस्करात (मल, मूत्र व जनन मार्गांच्या सामाईक कोष्ठात) येते, तेथून काही अंशी मागे आतड्यात जाते व त्यातील पाणी शोषले जाते. पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद घालून तो रोज बदलला, तर हे तिन्ही भाग वेगळे पाहता येतात. वळी घट्ट व भोवती ओलसर कडे मोठे असल्यास ती अतिमूत्रता असते, अतिसार नव्हे. घाबरलेल्या किंवा रसदार फळे खाल्लेल्या पक्ष्यातही ती दिसते. खरा अतिसार, म्हणजे वळीच विरघळलेली असणे, त्या मानाने विरळ. पण पाळणारे दोहोंना ‘पातळ शी’ म्हणून मोकळे होतात.

युरेटचा रंग पिवळट-हिरवा होणे हे यकृताच्या विकाराचे लक्षण मानतात. सस्तन प्राण्यांत बिलिव्हर्डिन या हिरव्या पित्तरंजकाचे रूपांतर पिवळ्या बिलिरुबिनमध्ये होते. ते घडवून आणणारे एंझाइम बहुतेक पक्ष्यांत जवळजवळ नसते, त्यामुळे आजारी यकृतातून निसटलेले रंजक हिरवेच राहून युरेटमध्ये उतरते. कातडी पिवळी पडण्याची वाट पाहणे पक्ष्यांच्या बाबतीत निरर्थक ठरते ते यामुळेच. शीट अगदी थोडी व गडद हिरवी असेल, तर पक्षी उपाशी आहे.

श्वसन : पक्ष्यांना श्वासपटल (छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) नसते. उरोस्थी (छातीचे मधले हाड) पुढे-मागे हलते, त्यामुळे वायुकोशांत (बहुधा नऊ) हवा खेळते आणि ताठर फुप्फुसांतून ती एकाच दिशेने वाहते. छातीभोवती मूठ आवळली, तर नाक-तोंड मोकळे असूनही पक्षी गुदमरतो. दांडीवर स्वस्थ बसलेल्या पक्ष्याची शेपटी श्वासागणिक वरखाली होणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, नाकपुड्यांवरची पिसे चिकटणे ही तातडीची लक्षणे होत. आवाज बदलणे किंवा बंद होणे यामागे श्वासनलिकेच्या बुडाशी वाढलेली ॲस्परजिलस बुरशी असू शकते.

ही श्वसनव्यवस्था कार्यक्षम आहे, तितकीच ती विषारी वायूंना बळी पडणारी आहे. लहान प्राण्यांवर विषारी वायूचा परिणाम माणसाआधी दिसतो, म्हणून ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात खाणींत कॅनरी नेण्याचे सुचवले. ब्रिटिश कोळसा खाणींत ही प्रथा १९८० च्या दशकापर्यंत टिकली. घरात तोच धोका टेफ्लॉनचा लेप असलेल्या, रिकाम्या तापलेल्या तव्याचा. सुमारे २८०° से. च्या पुढे त्यातून निघणाऱ्या वाफांनी पक्षी काही मिनिटांत मरू शकतात, माणसाला मात्र फारसे काही जाणवत नाही.

इतर लक्षणे : दिवसा डोळे मिटून दोन्ही पायांवर झोपणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे. मादी तळाशी बसून जोर करीत असेल, तर अंडे अडल्याची शक्यता प्रथम विचारात घ्यावी. ती काही तासांची निकड असते. ओकारी आणि जोडीदाराला भरवण्यासाठी अन्न वर आणणे यांत फरक आहे : दुसऱ्यात पक्षी मान तालात हलवतो, पहिल्यात डोके झटकतो व डोक्यावरची पिसे चिकट होतात. बजरीगरच्या चोचीवर मधाच्या पोळ्यासारखे खडबडीत थर आले, तर ते निमिडोकॉप्टिस या माइटमुळे (कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे) असतात. नर बजरीगरच्या नाकपुड्यांचा निळा पट्टा तपकिरी होणे हे बहुधा वृषणाच्या अर्बुदाचे (गाठीचे) चिन्ह होय.

प्राथमिक उपचार : ऊब, शांतता व अंधुक उजेड. पिंजऱ्याची एकच बाजू २९° ते ३२° से. पर्यंत तापवावी, म्हणजे पक्ष्याला हवे तेव्हा सरकता येते. चोच उघडून पंख अंगापासून दूर धरले तर उष्णता जास्त झाली. दांडी खाली आणावी, दाणापाणी तोंडाशी ठेवावे. गार पडलेल्या पक्ष्याला बळेच भरवू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असल्याने द्रव सहज फुप्फुसात जातो. रक्ताचे प्रमाण शरीराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के असते, तेव्हा बजरीगरचे एक मिलि. रक्त जाणे म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक जाणे. तुटलेल्या नखावर कॉर्नस्टार्च दाबून धरतात. ब्रँडी देणे व पिसांना तेल चोळणे हे जुने उपाय अपायकारक आहेत. पाण्यात मिसळलेल्या प्रतिजैविकाचाही भरवसा नाही, कारण आजारी पक्षी पुरेसे पाणी पीत नाही. माणसाची वेदनाशामके कधीही देऊ नयेत. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले.

शुकरोग (सिटॅकोसिस) : माणसाला होणारा म्हणून याचा इतिहास इतर पक्षिरोगांपेक्षा बारकाईने नोंदला गेला आहे. पहिले वर्णन सामान्यतः याकोप रिटर यांचे मानतात : १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे एका घरातील सात जणांना न्यूमोनियासारखा आजार झाला, तिघे दगावले, आणि रिटर यांनी संशय परदेशी पाळीव पक्ष्यांवर घेतला. रोगकारक तेव्हा वेगळा केला गेला नसल्याने हे निदान मागाहूनचे आहे; तरी बहुतेक अभ्यासक ते स्वीकारतात व ते नाकारण्यास सबळ कारण दिसत नाही. १८९२ च्या पॅरिसमधील साथीनंतर एदमॉं नोकार यांना मेलेल्या पोपटांच्या पंखांत एक दंडाणू (काडीच्या आकाराचा जीवाणू) सापडला व तो कितीतरी वर्षे कारण म्हणून मान्य होता. प्रत्यक्षात तो साल्मोनेला गटातला निघाला. १८९५ मध्ये मोरांज यांनी रोगाला आजचे नाव दिले. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांबरोबर साथ अनेक देशांत पसरली. तेव्हा बेडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगकारक जीवाणुगाळणीतून (जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून) पार होतो असे दाखवले आणि लेव्हिन्थाल, कोल्स व लिली यांनी १९३० मध्येच त्याचे कण स्वतंत्रपणे पाहिले. यामुळे तो दीर्घकाळ विषाणू समजला गेला. तो पेशीत राहणारा जीवाणू असल्याचे १९६० च्या दशकात स्थिरावले. १९९९ मध्ये त्याची प्रजाती क्लॅमिडोफिला अशी वेगळी काढली गेली, पण ही विभागणी टिकली नाही. येथे क्लॅमिडिया सिटॅसी हेच नाव ग्राह्य धरले आहे.

लागण झालेला पक्षी निरोगी दिसत असतानाही वाळलेल्या शिटेच्या धुळीतून जीवाणू पसरवू शकतो. म्हणून पिंजरा कोरडा झाडू नये, ओला करून पुसावा. पक्ष्यांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक परंपरेने ४५ दिवस देतात. पाळणाऱ्याला ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला झाल्यास घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना सांगावे. एरवी ते विचारले जाईलच असे नाही.

पोपटांचा चोच-पिसे रोग (सर्कोव्हायरस) आणि जठर फुगण्याचा रोग (बोर्नाव्हायरस, २००८ मध्ये ओळखला गेला) यांवर निश्चित उपचार नाहीत. संशयित पक्षी वेगळा ठेवून चाचणी करतात. कारण न कळता पक्षी मेल्यास शव पिशवीत घालून थंड ठेवावे, गोठवू नये. गोठवल्यास ऊतींची रचना बिघडते व सूक्ष्मदर्शकाखाली निदान करणे अवघड जाते.