थ्रेड्सशी जोडून घ्यायचं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

लातूर-परभणीकडच्या एखाद्या वाचक मंडळाने किंवा शेतकरी गटाने मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या खुल्या सोशल नेटवर्कचा स्वतःचा सर्व्हर सुरू केला, की सभासद लवकरच विचारतात: फेसबुकवाल्या मेटाच्या थ्रेड्स या सोशल नेटवर्कवरची माणसं इथून दिसतील का? तांत्रिकदृष्ट्या दिसू शकतात. दिसू द्यावीत का, यावर मात्र फेडिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अशा स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यात, मोठा वाद आहे, आणि त्याची मुळं गूगल टॉक या गूगलच्या जुन्या चॅट-सेवेपर्यंत जातात.

१९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर ही खुली चॅट-व्यवस्था जाहीर केली. पुढे तिच्या प्रोटोकॉलला, म्हणजे सर्व्हरांनी आपसात बोलायच्या नियमांना, एक्सएमपीपी हे नाव मिळालं. सर्व्हर कोणीही चालवावा आणि ईमेलसारखा पत्ता वापरून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावं, अशी तिची रचना. गूगलने २००५ मध्ये याच प्रोटोकॉलवर गूगल टॉक काढलं आणि २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरांना दार उघडलं. छोट्या सर्व्हरांवरच्या लोकांना त्यांचे जीमेलवाले मित्र एका झटक्यात सापडले. पण गूगलचा सर्व्हर इतर सर्व्हरांशी बोलताना एन्क्रिप्शन (वाटेत कोणी वाचू नये म्हणून संदेश सांकेतिक करणं) वापरत नव्हता. बाकीच्यांनी ते सक्तीचं केलं असतं तर जीमेलवरचे सगळे संपर्क तुटले असते, म्हणून सुधारणा रखडली. २०१३ मध्ये गूगल टॉकच्या जागी हँगआउट्स आलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरांना जागाच नव्हती. मे २०१४ मध्ये छोट्या सर्व्हरांनी एन्क्रिप्शन सक्तीचं केलं, तेव्हा गूगलशी उरलासुरला दुवाही गेला. गूगलने एक्सएमपीपी संपवलं, असं सर्रास म्हटलं जातं. आमच्या मते खरं नुकसान दार बंद होण्याआधीच झालं होतं: एका बड्या शेजाऱ्याला सांभाळण्यात सगळ्यांची सुरक्षा अडकून पडली.

आजचं फेडिव्हर्स ॲक्टिव्हिटीपब या खुल्या प्रोटोकॉलवर चालतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला प्रमाण प्रोटोकॉल म्हणून मान्यता दिली. सगळ्यांचा प्रोटोकॉल एक असणं म्हणजे रुळांचं माप एक असणं, आणि मराठवाड्याला एकाच मापाच्या रुळांचं मोल वेगळं सांगायला नको. इकडची लाइन मीटर गेज होती तोवर मुंबईला जाताना मनमाडला गाडी बदलावी लागे. ब्रॉडगेजने ती अडचण संपवली, पण वेळापत्रक कोणाच्या हातात राहील हे काही रुळाच्या मापावरून ठरत नाही.

भारतात मॅस्टोडॉनचं नाव गाजलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर. जुलै २०२३ मध्ये थ्रेड्स आलं. त्याच्या आधीच, जूनमध्ये, अनेक सर्व्हरचालकांनी मेटाला ब्लॉक करण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. डिसेंबरमध्ये थ्रेड्सने फेडिव्हर्सशी जोडणीची चाचणी घेतली. मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या प्रौढांच्या सार्वजनिक खात्यांना ती सोय दिली, तीही ज्याने स्वतः सुरू केली त्यालाच.

थ्रेड्ससारख्या बाहेरच्या सर्व्हरला रोखायला मॅस्टोडॉनच्या सर्व्हरचालकाकडे दोन मुख्य बटणं असतात. ‘लिमिट’ केलं की त्या सर्व्हरच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर येत नाहीत, पण ज्यांनी तिथली खाती फॉलो केलीत त्यांना दिसत राहतात. ‘सस्पेंड’ केलं की दोन्हीकडची फॉलो-नाती तुटतात आणि नंतर बंदी उठवली तरी ती आपोआप परत जुळत नाहीत. म्हणून सुरुवात लिमिटने करावी. सस्पेंड करायचंच ठरलं तर सभासदांना आधी कळवावं, म्हणजे ते फॉलो-यादीची सीएसव्ही फाइल उतरवून घेतील.

नुसत्या सस्पेंडने सार्वजनिक पोस्ट लपत नाहीत. ‘ऑथराइज्ड फेच’ ही सेटिंग बंद असेल तर समोरचा सर्व्हर ओळख न दाखवताही त्या मागवू शकतो. ती चालू केली की दर मागणीवरची मागणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही तपासली जाते. त्यामुळे सर्व्हरवर ताण वाढतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरशी जोडणी बिघडते. डिस्ककडेही लक्ष हवं. बाहेरून आलेले फोटो-व्हिडिओ आपल्याच सर्व्हरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतात, आणि जुनी कॅश ठरावीक दिवसांनी साफ होईल अशी सेटिंग केली नसेल तर जागा भरून सर्व्हर बंद पडतो.