नॉर्वे : भूगोल आणि अर्थव्यवस्था

नॉर्वे म्हणजे स्कँडिनेव्हियन द्वीपकल्पाची पश्चिमेकडची, समुद्राच्या बाजूची लांबलचक पट्टी. मुख्य भूमीचं क्षेत्रफळ साधारण 3,24,000 चौ. किमी., स्वालबार्ड आणि यान मायेन ही दूरची बेटं धरली तर 3,85,000 च्या वर. म्हणजे नुसती मुख्य भूमी बघितली तर महाराष्ट्राहून जरा मोठी, पण माणसं सगळी मिळून 55-56 लाख. पूर्वेला स्वीडन, ईशान्येला फिनलंड आणि अगदी टोकाला रशियाशी जवळपास 200 किमीची हद्द. दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सरळ रेषेत 1,750 किमीच्या आसपास अंतर भरतं, पण उत्तरेत टिस्फ्योर्डजवळ खारं पाणी आत घुसतं तिथून स्वीडनची हद्द जेमतेम 6 किमीवर आहे. हा देश समजून घ्यायचा तर आधी किनारा बघावा लागतो, कारण बहुतेक माणसं तिथेच राहतात, पैसा तिथूनच आला आणि बहुधा देशाचं नावही तिथलंच आहे.

नाव : देशाच्या दोन लेखी भाषा आहेत, बोकमोलमध्ये नाव 'नोर्गे' आणि नीनॉर्स्कमध्ये 'नोरेग', उत्तरेकडच्या सामी या मूळनिवासी लोकांच्या भाषेत 'नोर्गा'. जुनं आणि अजूनही जास्त चालणारं मत असं की मूळ शब्द उत्तर आणि वाट या दोन शब्दांचा समास आहे, आणि ही वाट म्हणजे जमिनीवरचा रस्ता नाही तर बेटांच्या आडोशाने किनाऱ्याकिनाऱ्याने वर जाणारा जलमार्ग. याला आधार असा की जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग काळातल्या भाषेत बाल्टिककडच्या मुलखाला 'पूर्वेची वाट' आणि जर्मनीकडच्या मुलखाला 'दक्षिणेची वाट' म्हणायचे, त्या जोडीत हे नाव बरोबर बसतं. दुसरं मत 1847 मध्ये नील्स हाल्व्होर्सेन ट्र्योनेस यांनी मांडलं, की पहिला भाग 'नोर' म्हणजे चिंचोळं पाणी, अरुंद सामुद्रधुनी, आणि 'उत्तर' हा अर्थ परक्यांनी नंतर चिकटवला. 2016 पासून क्लाउस योहान मिर्वोल यांनी हे मत परत पुढे आणलंय. त्यांच्या बाजूचा मुद्दा कच्चा नाही, कारण 'उत्तर' या अर्थाच्या नॉर्स शब्दातला द-सारखा उच्चार देशी नॉर्स लेखांत या नावात कुठेच दिसत नाही, डेन्मार्कमधल्या येलिंगच्या शिळेवर (साधारण 965) सुद्धा 'नुरुइआक' असंच कोरलंय, आणि जुन्या दरबारी कवितेत पहिला स्वर दीर्घ धरावा लागतो. तरी समासात मधलं व्यंजन झिजून गळून पडणं कुठल्याही बोलीत होतंच, आणि पूर्व-दक्षिण-उत्तर ही जोडणी योगायोग म्हणून सोडून देणं कठीण आहे, त्यामुळे जुनं मत टाकून द्यावं इतका पुरावा अजून दिसत नाही. दोन्ही मतांत एक गोष्ट मात्र सारखी आहे, नाव पाण्यावरच्या वाटेचंच.

याच संदर्भात ओत्तारची साक्ष महत्त्वाची. हा उत्तरेकडच्या होलोगालांदचा दर्यावर्दी सरदार, साधारण 890 च्या सुमारास इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे गेला आणि त्याने जे सांगितलं ते तिथल्या लेखनिकाने लिहून ठेवलं. देश फार लांब आणि फार अरुंद आहे, चरायला किंवा नांगरायला जी काय जमीन आहे ती सगळी समुद्राकाठी, असं तो म्हणतो. त्याच्याकडे पाळीव रेनडिअर 600, पण गुरं फक्त 20, मेंढ्या 20, डुकरं 20. खरी कमाई सामी लोकांकडून येणाऱ्या खंडणीची : कातडी, पक्ष्यांची पिसं, व्हेलचं हाड, आणि व्हेल व सीलच्या कातड्याचे जहाजाचे दोर. घरापासून दक्षिणेच्या बाजारापर्यंत जायला, रात्री किनाऱ्याला मुक्काम करत आणि वारा रोज अनुकूल मिळाला तरी, महिनाही पुरत नाही असंही त्याने सांगितलं. आज शेतीयोग्य जमीन 3 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीचं त्याचं वर्णन आजही लागू पडतं.

भूवर्णन : किनारा किती लांब, याला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. फ्योर्ड (डोंगरांमधून जमिनीत खोल शिरलेले समुद्राचे फाटे) आणि बेटं सोडून बाहेरून रेघ ओढली तर 2,500 किमीच्या आसपास, मुख्य भूमीचे सगळे फ्योर्ड आणि खाड्या धरल्या तर सुमारे 29,000 किमी, आणि दोन लाखांहून जास्त बेटांचे काठ मिळवले तर 1 लाख किमीच्या वर. जुन्या कोशांत 83,000 चा आकडा सापडतो, तो चुकीचा म्हणता येणार नाही, नकाशा बारीक झाला की किनारा वाढतोच.

फ्योर्ड हिमनद्यांनी कोरले. सोग्नेफ्योर्ड 200 किमीहून जास्त आत गेलाय आणि सगळ्यात खोल जागी 1,300 मीटरच्या वर खोल आहे, पण तोंडाशी तळ एकदम वर येतो आणि खोली शंभर-दोनशे मीटरवर येते. कारण आत डोंगरांच्या कचाट्यात बर्फ जाड होता म्हणून तळ खरवडला गेला, बाहेर मोकळ्यावर तो पसरून पातळ झाला आणि जोर संपला. गाइरांगेर आणि नॅरॉय हे दोन फ्योर्ड 2005 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

फ्योर्डांचे फोटो सगळीकडे असतात, पण माणसांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्ट्रांडफ्लाट. डोंगर आणि उघडा समुद्र यांच्या मधे एक सखल खडकाळ पट्टा आहे, थोडा पाण्याखाली, थोडा पाण्याबरोबर, थोडा वर, काही ठिकाणी पन्नास किमीपर्यंत रुंद. पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावरची वस्ती, घरं, बंदरं, थोडीफार शेती, बरीचशी याच्यावरच. हान्स रॉइश यांनी 1894 मध्ये याला हे नाव दिलं, आणि तो तयार कसा झाला यावर तेव्हापासून वाद चालू आहे. रॉइश यांचा भर समुद्राच्या लाटांवर होता. फ्रिटयोफ नान्सेन, ध्रुवप्रवासी म्हणून आपल्याला माहीत असलेले तेच, यांनी 1922 मध्ये मांडलं की लाटा एकट्या पुरणार नाहीत, किनाऱ्याचं बर्फ आणि गोठण-वितळण यांनी खडक फुटत गेला. इतरांनी डोंगरपायथ्याच्या हिमनद्यांना श्रेय दिलं. अलीकडे तिसरीच दिशा मिळालीय. नैर्ऋत्येच्या बोम्लो बेटावर खोलवर कुजलेल्या खडकातल्या चिकणमातीचं वय काढलं तर ते साधारण 21 कोटी वर्षं निघालं (2017 मध्ये प्रसिद्ध), म्हणजे उष्ण दमट काळात खडक आधीच सडून मऊ झाला होता आणि हिमयुगाने नुसतं साफ केलं. एका बेटावरून पूर्ण किनाऱ्याचा निकाल लावणं घाईचं होईल, पण पट्टा एकाच काळात एकाच कारणाने झाला नाही, हे आता बहुतेक मानतात.

बाकी भूवर्णन थोडक्यात. सर्वोच्च शिखर गाल्होपिग्गेन 2,469 मी., सर्वांत लांब नदी ग्लोमा, सर्वांत मोठं सरोवर म्योसा, मुख्य युरोपातली सगळ्यात मोठी हिमनदी योस्तेदाल्सब्रेन. पर्यटक ज्याला युरोपचं उत्तर टोक म्हणून जातात तो नॉर्थ केप खरा शेवटचा नाही, शेजारचं क्निव्हशेलोद्देन त्याच्यापेक्षा थोडं पुढे आहे, आणि दोन्ही बेटावर असल्यामुळे मुख्य भूमीचं टोक वेगळंच.

हवामान : उत्तरध्रुववृत्ताच्या वरची बंदरंही हिवाळ्यात गोठत नाहीत. शाळेत आपल्याला याचं कारण गल्फ स्ट्रीम असं शिकवतात. 2002 मध्ये काही हवामानशास्त्रज्ञांनी दाखवायचा प्रयत्न केला की पश्चिम युरोपच्या उबदारपणात मोठा वाटा वाऱ्यांच्या दिशेचा आणि समुद्राने उन्हाळ्यात साठवलेल्या उष्णतेचा आहे. ब्रिटन-फ्रान्सच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे, पण नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याला बर्फमुक्त ठेवण्यात अटलांटिकच्या कोमट पाण्याचा हात नाकारता येत नाही. बर्गनला वर्षाला 2,200 मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि डोंगर ओलांडून पूर्वेला गेलं की काही खोरी जवळजवळ कोरडी.

मासे : या कोमट पाण्यामुळेच सगळं आहे. बॅरेंट्स समुद्रातला कॉड दर हिवाळ्यात अंडी घालायला लोफोतेन बेटांकडे उतरतो, त्याला 'स्क्राय' म्हणतात, आणि जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. मासा साफ करून, डोकं काढून, दोन-दोन शेपट्या दोरीने बांधून लाकडी मांडवांवर लटकवतात. मीठ अजिबात नाही, आणि सगळी मदार हवेवर. पारा शून्याच्या फार खाली गेला तर मांस गोठून फुटतं, फार वर गेला तर माश्या बसतात, आणि लोफोतेनला नेमकं त्या महिन्यांत तो शून्याच्या आसपास घुटमळतो. मे-जूनमध्ये उतरवला की मासा लाकडासारखा टणक आणि हलका, वर्षानुवर्षं टिकणारा. मग प्रतवारी करणारा जाणकार प्रत्येक मासा हातात घेऊन बघतो, वास घेतो आणि वीसेक प्रतींपैकी एकीत टाकतो. कापलेल्या डोक्यांतून जिभा काढायचं काम परंपरेने गावातल्या पोरांचं, सुरी घेऊन उभी राहतात, जिभा विकून हंगामात स्वतःचे चांगले पैसे कमावतात.

हा व्यापार कधी सुरू झाला यावर बरंच लिहिलं गेलंय. लेखी पुरावा बाराव्या शतकापासून ठीक मिळतो आणि त्यामुळे बरेच इतिहासकार मोठा व्यापार त्यानंतरचाच मानायचे. आइसलँडच्या एका सागात (जुन्या गद्य वीरकथेत) नवव्या शतकात उत्तरेचा सुका मासा इंग्लंडला गेल्याचा उल्लेख आहे, पण सागा लिहिली तेराव्या शतकात, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवत नसत. 2017 मध्ये उत्तर जर्मनीतल्या हाइथाबू या व्हायकिंग बाजारपेठेत सापडलेल्या कॉडच्या हाडांचा डीएनए तपासला, तेव्हा काही हाडं आर्क्टिक कॉडची निघाली, काळ साधारण 800 ते 1066. नमुने थोडेच आहेत, त्यामुळे व्यापार किती मोठा होता ते यावरून ठरत नाही, पण मासा इतक्या लांब जात होता एवढं पक्कं झालं. पुढे चौदाव्या शतकात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी बर्गनला आपली पेढी बसवली, धान्य उत्तरेला आणि मासा दक्षिणेला. 1432 मध्ये पिएत्रो क्वेरीनी हा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून र्योस्त बेटावर लागला, परत जाताना सुका मासा घेऊन गेला, आणि इटली आजही सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. डोकी नायजेरियाला जातात, तिथे इग्बो भाषेत या माशाला 'ओकपोरोको' म्हणतात.

भारताशी संबंध इथेही आहे, 1952 च्या करारानंतर नॉर्वेच्या मदतीने केरळात कोल्लमजवळ नींडकरा इथे यांत्रिक बोटी आणि बर्फ-गोठवणीची सोय उभी राहिली.

आता पैशाच्या दृष्टीने कॉडला पाळीव सामन (सॅमन) माशाने मागे टाकलंय. 1970 मध्ये हित्रा बेटावर ग्र्योंतवेत बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यात सामन वाढवून दाखवला, आज वर्षाला 15 लाख टनांच्या आसपास उत्पादन. सामनवरच्या उवांचा आणि पिंजऱ्यातून निसटून जंगली माशांत मिसळणाऱ्या सामनचा प्रश्न गंभीर आहे. 2023 पासून या धंद्यावर 25 टक्के जादा कर लागलाय.

पाणी आणि तेल : नॉर्वेच्या तेलाबद्दल सगळे बोलतात, पण तेलाचं धोरण खरं तर धबधब्यांवर ठरलं, हे कमी लोकांना माहीत असतं. 1905 मध्ये स्वीडनपासून वेगळं होताना बरेच धबधबे परदेशी भांडवलाच्या हातात गेले होते. 1906 मध्ये घाईघाईने कायदा करून परवाना लावला, 1909 मध्ये अट घातली की मुदत संपली (60 ते 80 वर्षं) की धबधबा आणि वीजकेंद्र विनामोबदला सरकारजमा. निसर्गाची देणगी सगळ्यांची, भांडवलवाल्याने नफा घ्यावा पण मालकी नाही, ही सवय तिथे लागली. आज साधारण 90 टक्के वीज पाण्यापासून. ऱ्युकान गावात या विजेवर हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनायचं, गाव इतक्या खोल दरीत की सप्टेंबरअखेर ते मार्च सूर्यच दिसत नाही. 1928 मध्ये लोकांना वर उन्हात न्यायला केबल कार केली, आणि 2013 मध्ये डोंगरावर तीन आरसे बसवले, ते सूर्याबरोबर फिरतात आणि चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात, लोक त्यात येऊन उभे राहतात.

1958 मध्ये भूगर्भ विभागाने लिहून दिलं होतं की किनाऱ्यालगत तेल सापडण्याची शक्यता नाही. पुढच्याच वर्षी हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनचा वायू सापडला, 1963 मध्ये नॉर्वेने समुद्रतळावर हक्क जाहीर केला, 1965 मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्कशी मध्यरेषा ठरवली. 1969 च्या नाताळात एकोफिस्क हे तेलक्षेत्र लागलं, 1971 मध्ये उत्पादन सुरू, 1972 मध्ये सरकारी कंपनी स्टॅटऑइल (2018 पासून एक्विनॉर). सुरुवातीचे नियम घडवण्यात बसऱ्याचे भूशास्त्रज्ञ फारूक अल-कासिम यांचा मोठा वाटा. किंमतही मोजली गेली, 27 मार्च 1980 ला आलेक्सांदर शेलान हा तरंगता निवासी मंच उलटून 123 माणसं गेली. तेल कंपन्यांवर एकूण कर 78 टक्के. त्यातून 1990 च्या कायद्याने निधी उभारला, पहिला भरणा 1996 मध्ये, आज रक्कम 20 लाख कोटी क्रोनरच्या घरात. हा पैसा देशाबाहेरच गुंतवतात, नाहीतर आतली महागाई भडकून बाकीचे धंदे बसतील, आणि वर्षाला साधारण 3 टक्केच खर्चायचे असा दंडक.

1972 आणि 1994 अशा दोन्ही सार्वमतांत युरोपीय संघाला नकार मिळाला, दुसऱ्यांदा 52.2 टक्के, आणि किनाऱ्यावरच्या मासेमारांचा त्यात मोठा भाग होता. 2024 मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 89 टक्के विजेच्या, ही वीज धबधब्यांची आणि या गाड्यांवरच्या सवलतींचा पैसा बऱ्याच अंशी तेलाचा. पवनचक्क्यांचं मात्र सरळ झालं नाही. फोसेन इथल्या पवनचक्क्यांनी सामी रेनडिअरपालकांच्या हक्कांचा भंग झाला असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला, आणि तो देताना चक्क्या आधीच उभ्या होत्या.

स्वालबार्ड : 1920 च्या पॅरिस कराराने नॉर्वेचं सार्वभौमत्व, अंमल 1925 पासून, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे धंद्याचा समान हक्क. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही सही करणाऱ्यांत होता. 79 अंश उत्तरेला न्यू-ओलेसुन या जुन्या कोळसा-वस्तीत 2008 मध्ये भारताचं 'हिमाद्री' केंद्र सुरू झालं, ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे. 2014 मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्डच्या पाण्यात भारताची मापन-यंत्रं सोडली गेली, फ्योर्डात शिरणारं अटलांटिकचं कोमट पाणी मोजायला. डिसेंबर 2023 पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीतही तिथे राहून काम करतात.