नील गाऊचा गज

स्कॉटलंडचा सगळ्यात नावाजलेला फिडलवादक नील गाऊ याच्या जन्माला २२ मार्च २०२७ रोजी तीनशे वर्षं होतील. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. तेच वाद्य नाचाच्या गाण्यांना वाजलं की लोक त्याला फिडल म्हणतात. गाऊ हे आडनाव गेलिक भाषेतल्या ‘लोहार’ या शब्दावरून आलेलं. मराठी कानाला ते थेट गाण्याचं आमंत्रण वाटतं, हा निव्वळ योगायोग.

नीलचा जन्म पर्थशायरमधल्या स्ट्रॅथब्रानचा. तो तान्हा असतानाच घरचे डंकेल्डजवळच्या इन्व्हर या खेड्यात आले आणि तो जन्मभर तिथंच राहिला. वडील प्लेड विणायचे. डोंगराळ भागातले लोक अंगावर घेतात ते चौकड्यांचं लोकरी कापड. नीललाही आधी मागावरच बसवलं. फिडल मात्र नवव्या वर्षी हाती आलं. तेराव्या वर्षी जॉन कॅमेरॉनकडे थोडी तालीम झाली, बाकीचं तो कानानंच शिकला. १७४५ मध्ये, अठराव्या वर्षी, तो एका स्पर्धेत उतरला. परीक्षक जॉन मॅक्रॉ आंधळे होते. नीलला पहिलं ठरवून ते म्हणाले, शंभर जण वाजवत असले तरी याचा गज (तारांवरून फिरवायची काठी) मी ओळखेन. इतक्यांदा सांगितलेल्या गोष्टीला थोडी झिलई चढलेली असणारच. पण गजाचा मुद्दा खोटा नाही.

गज खाली ओढताना हाताचं वजन आपसूक स्वरावर येतं, वर ढकलताना ते सुटतं. त्यामुळे बहुतेकांचा वर जाणारा स्वर लुळा पडतो. गाऊच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापलेल्या एका लेखात नेमकं हेच टिपलंय: इतरांच्या हातात जो स्वर अस्पष्ट निघतो, तोच गाऊ वर जाणाऱ्या गजानं ठाशीव वाजवायचा. स्ट्रॅथस्पे या नृत्यप्रकाराला तर हे फारच लागतं. स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेला हा प्रकार रील या जलद नाचापेक्षा संथ. त्यात आखूड स्वर आधी आणि लांब स्वर नंतर, असा झटका वारंवार येतो. तो झटका ढिला पडला तर नाचणाऱ्याचा पाय उचलत नाही. आणि हे सगळं ध्वनिवर्धकाशिवाय, भरल्या दिवाणखान्यात, फक्त भाऊ डोनाल्डच्या चेलोच्या (व्हायोलिनच्याच जातीच्या, पण मोठ्या, खालच्या स्वरांच्या वाद्याच्या) साथीवर.

ड्यूक ऑफ अथॉलनं त्याला आश्रय दिला. वर्षाला पाच पौंड, शिवाय इतर सरदारांच्या घरच्या बॉलची, म्हणजे नाचाच्या मेजवान्यांची, बिदागी वेगळी. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर आणू पाहणाऱ्या बंडखोरांचा, पराभव झाल्यावर सरकारनं पुरुषांना डोंगरी पोशाख घालायला बंदी केली होती. ती १७८२ मध्ये उठली. त्यानंतर पाचेक वर्षांनी हेन्री रेबर्ननं गाऊचं चित्र काढलं, त्यात तो टार्टनची (त्याच चौकड्यांच्या कापडाची) गुडघ्यापर्यंतची विजार आणि मोजे घालून खुर्चीत बसलाय. प्लेड विणणाऱ्याच्या पोरानं हेच कपडे घालावेत, हे मला चित्रातल्या फिडलइतकंच बोलकं वाटतं. १७८७ च्या ऑगस्टअखेर कवी रॉबर्ट बर्न्स त्याला भेटून गेला. ठेंगणा, दणकट, करडे केस, प्रामाणिक चेहरा, अशी नोंद त्यानं प्रवासाच्या रोजनिशीत केली आहे.

एवढं असूनही नुसता गज काळाच्या ओघात विरलाच असता. त्याला टिकवलं कागदानं. १७८४ पासून गाऊ घराण्याचे संग्रह छापून येऊ लागले. मुलगा नथॅनिएल एडिनबरोत नाव कमावून होता. १७९६ मध्ये त्यानं भागीदारीत संगीताचं दुकान आणि प्रकाशन काढलं. आगाऊ वर्गणी भरणाऱ्या खानदानी बायकांची नावं धुनांना मिळत. जुन्या धुनांनाही नवी नावं लागत, आणि इथंच पाणी मुरतं. नीलच्या नावावरच्या ऐंशीहून अधिक धुनांपैकी बऱ्याच मुळात दुसऱ्यांच्या आहेत. ड्यूक ऑफ गॉर्डनच्या पदरी असलेल्या विल्यम मार्शलच्या चालीही त्याचं नाव न देता या संग्रहांत आल्या. तेव्हा चाल ही गावाची मालमत्ता समजत, हा बचाव मला अर्धाच पटतो. छापलेल्या वहीचे पैसे तर गावात वाटले जात नव्हते!

पण जे खास त्याचं आहे, त्यावर वाद नाही. १७९९ मध्ये व्हिस्की गाळायला बंदी आली तेव्हा त्यानं ‘फेअरवेल टू व्हिस्की’ रचली. स्वतः त्यातला शौकीन. एका रात्री पर्थहून चालत परतल्यावर कुणीतरी लांबच्या रस्त्याबद्दल विचारलं, तर म्हणे, लांबीचं काही नाही, रुंदीनं दमवलं.

त्याची दुसरी बायको मार्गारेट अर्कहार्ट. लग्न १७६८ मध्ये झालं, ती १८०५ मध्ये गेली. तिच्यासाठी त्यानं एक विलापगीत बांधलं. उभी हयात लोकांना नाचवणाऱ्या माणसाची ही संथ धून. १ मार्च १८०७ रोजी तो इन्व्हरलाच गेला. लिटल डंकेल्डच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. विलापगीत छापून आलं ते त्यानंतर, १८०९ च्या पाचव्या संग्रहात. फिडल शिकणाऱ्या पोरांना स्कॉटलंडमध्ये आजही ते शिकवतात, आणि त्यात वर जाणारा गज अगदी हलका ठेवावा लागतो.