बोअर संपल्याबरोबर तळाचे तापमान का मोजत नाही? : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“खोदाई आज संपली, रिग उभी आहे, संध्याकाळपर्यंत माणूस पाठवा,” असे फोन आमच्या अंधेरीच्या कार्यालयात नेहमी येतात. रिगचे भाडे चढत असते, त्यामुळे घाई आम्हांला समजते. तरीही त्या दिवशीच्या एकाच रीडिंगवर तळाचे तापमान आम्ही लिहून देत नाही.

खोदताना पंपाने वरून सोडलेला थंड मड (खोदाईचे चिखलपाणी) तळाच्या खडकाची उष्णता घेतो आणि परत येताना ती वरच्या थरांना देतो, त्यामुळे पंप बंद होतो तेव्हा तळ खऱ्यापेक्षा थंड आणि माथ्याकडचा भाग खऱ्यापेक्षा गरम असतो. खोल बोअर पूर्ववत होण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढे थांबणे परवडत नाही, म्हणून एकाच खोलीवर, उदाहरणार्थ पंप थांबल्यानंतर १२, १८ व २४ तासांनी, रीडिंग घेऊन हॉर्नर आलेखावरून, म्हणजे वेळेनुसार बदलणारी रीडिंग आलेखावर पुढे वाढवून, स्थिर तापमानाचा अंदाज काढावा लागतो. हा अंदाजही बहुधा थोडा कमीच येतो, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे.

या गणिताला मड किती तास फिरला आणि पंप थांबून किती तास झाले, हे दोन आकडे लागतात, आणि साइटच्या वहीत नेमके तेच नसतात. “रात्री बंद केला” एवढ्या नोंदीवर आलेख निघत नाही. मधेच कोणी “जरा साफ करून घेऊ” म्हणून पंप पुन्हा चालवला, तर आधीची रीडिंग बाद होतात आणि तास पहिल्यापासून मोजावे लागतात. आमचा माणूस साइटवर खोळंबतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

रीडिंग आम्ही प्रोब (तापमान मोजणारे उपकरण) खाली सोडतानाच घेतो, कारण वर ओढताना पाणी ढवळलेले असते.

“सेन्सर आमच्याकडे आहे, फक्त केबल द्या,” असेही विचारले जाते. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या तापमान-सेन्सरचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. दोन तारांच्या जोडणीत केबलचा ४ ओहम रोध मिसळला, तर तापमान सुमारे १० अंशांनी जास्त दिसते. केबलही बोअरमध्ये तापत असल्याने हा फरक नुसता वजा करून भागत नाही. आमची जोडणी चार तारांची असते, ती यासाठी.

अतिउष्ण बोअरसाठीची उष्णतारोधक प्रोब महाग पडते. गणेशपुरी-अकलोलीच्या गरम झऱ्यांच्या परिसरातील उथळ बोअरना तिची गरज नाही, त्यावर खर्च करू नये. दुसऱ्या व तिसऱ्या रीडिंगसाठी आम्ही सवलतीचा दर लावतो. पंपाच्या नोंदीचा कोरा तक्ता विनामूल्य मिळतो. तो खोदाई सुरू होण्यापूर्वीच मागवून घ्यावा.