यॉर्क बोट घडवणारी ऑर्कनीची माणसं

कॅनडातल्या फरच्या व्यापाराचा विषय निघाला की सगळे बर्च झाडाच्या सालीच्या कॅनूचं, म्हणजे हलक्या अरुंद होडीचं कौतुक करतात, पण पश्चिमेकडच्या मोठ्या नद्यांवर पुढे कितीतरी वर्षं माल वाहिला तो यॉर्क बोटींनी, आणि त्यामागे हात होते स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरून गेलेल्या सुतारांचे. त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

फरचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी १६७० ची, लंडनची. तिची जहाजं कॅनडाला जाताना ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस बंदरात थांबायची, लॉगिनच्या विहिरीवर पाणी भरायची आणि तिथूनच पोरं भरती करून न्यायची. करार बहुतेक पाच वर्षांचा, साध्या मजुराला वर्षाला ६ पौंड. बेटावर शेती तुटपुंजी आणि तिकडे खाणं-राहणं कंपनीचं, म्हणून पोरं जायची. अठराव्या शतकाच्या शेवटी कंपनीची कॅनडातली जवळपास तीन चतुर्थांश माणसं ऑर्कनीची होती!

आता हडसन उपसागराच्या काठाला कॅनूसाठी लागणारे मोठे बर्च मिळत नाहीत, त्यात मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीशी चुरस वाढलेली, मग या लोकांनी गावाकडच्या योल होडीच्या धर्तीवर लाकडी बोटी बांधल्या, त्याच यॉर्क बोटी. योल म्हणजे जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या वळणाची, दोन्ही टोकांना निमुळती. ऑर्कनीवर झाडं जवळजवळ नाहीतच, आणि इथे समोर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं अख्खं जंगल! खोडं हातकरवतीने चिरायची, फळीवर फळी चढवून ठोकायची, फटी बुजवून वर डांबर फासायचं. टोकं मुद्दाम चांगली तिरकी ठेवायचे, म्हणजे बोट वाळूत रुतली तरी मागे रेटून सोडवता यायची. लांबी १२-१३ मीटर, माल ६ टनांच्या आसपास, वल्ही मारायला सहा-आठ जण, वारा असला की चौकोनी शीड. पण कॅनूसारखी खांद्यावर घेणं अशक्य, धबधबा आला की ओंडक्यांवरून ओढत न्यायची, त्यात माणसांचे अतोनात हाल व्हायचे.

१८२१ ला दोन्ही कंपन्या एक झाल्या, खर्चात काटकसर सुरू झाली आणि कमी माणसांत जास्त माल नेणारी यॉर्क बोटच पुढे आली. त्याच वेळी बऱ्याच लोकांची नोकरीही गेली. काही ऑर्कनीला परतले, काही तिथल्या क्री या आदिवासी जमातीतल्या बायका आणि मुलांसह रेड रिव्हरकाठी राहिले, फ्लेट, लिंकलेटर, इस्बिस्टर ही ऑर्कनीची आडनावं कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात आजही भेटतात, आणि तिथल्या नॉर्वे हाऊस गावाला क्री लोक उन्हाळ्यात यॉर्क बोटींच्या शर्यती लावतात.